माझ्या पंख्यात तेल कोणी घातलं?

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. म्हातारी माणसं आपली हकिगत सांगायला बसली की आधी उसासा टाकतात. मी टाकणार नाही. उसासा टाकायला फिरता पंखा लागतो, आणि माझ्या पंख्याचं काय झालं तेच तर तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. गल्लीतल्या एका छोट्या दुकानात, टेबलावर जुनी चादर पसरून मला जोडलं गेलं. पेटी एकीकडची, डिस्क दुसरीकडची, पडदा तर कोणाचा तरी वापरलेला. माझ्या प्रोसेसरला, म्हणजे विचार करणाऱ्या भागाला, बोटभर पांढरं मलम लावून त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवला आणि ठोकळ्यावर पंखा. मित्रांनो, हा ठोकळा आणि हा पंखा नीट ध्यानात ठेवा. विचार करताना प्रोसेसर तापतो. ठोकळा त्याची उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती उडवून लावतो. इतकं साधं आहे हे. तरी एका घरातल्या मोठ्या माणसांना ते कळायला एका बाईचं आयुष्यभराचं काम मातीत जावं लागलं.

मला विकत घेतलं ते एका शिवणकामाच्या कारखान्याने. कारखाना म्हणजे एक लांबट हॉल, दोन्ही भिंतींना लागून शिलाई मशिनी, मधे कापड कापायचं टेबल आणि टोकाला भरतकामाचं मोठं मशीन. मी त्या मशिनीशेजारी. पडद्यावर नक्षी काढायची, मी ती मशीनला एकेक टाका करून सांगायची आणि मशीनने कापडावर भरायची, असा आमचा संसार. पलंगपोस, टेबलक्लॉथ, हॉटेलांचे नॅपकिन, कोपऱ्यात वेल आणि मधे गोल फूल.

कारखान्याचे मालक म्हणजे मास्तर. शिंप्याच्या धंद्यात हाताखाली माणसं आली की शिंपी मास्तर होतोच. हे मास्तर तर मशिनींचे एवढे वेडे की सकाळी कामगार यायच्या आधी तेलाची कुपी घेऊन एकेका मशिनीपाशी जायचे. इथे एक थेंब, तिथे दोन, मग चाक फिरवून आवाज ऐकायचा. "यंत्राला तेल आणि माणसाला काम, रोजच्या रोज मिळालं पाहिजे," असं ते म्हणायचे. त्यांच्या मशिनी खरंच कधी अडल्या नाहीत. मी रागावलेला असलो तरी खोटं बोलणार नाही.

माझ्यावर काम करायची ती मास्तरांची धाकटी बहीण. मास्तरांची मुलं तिला आत्या म्हणत, म्हणून सगळा हॉलच तिला आत्या म्हणायचा. आत्या पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसली तेव्हा तिने माऊस टेबलावरून उचलून हवेत फिरवला होता. सगळे हसले. तीही हसली, आणि मग शिकली. कशी शिकली म्हणता! कागदावर वेल काढणारी बाई वर्षभरात अशी तयार झाली की तिला काय हवंय ते मला तिच्या बोटांवरूनच कळायला लागलं.

तिचं खरं कसब तुम्हाला सांगतो. पडद्यावर गोल काढला आणि तसाच कापडावर भरला, तर तो गोल येत नाही. टाके कापडाला आत ओढतात आणि गोलाचं अंडं होतं. म्हणून आत्या पडद्यावर मुद्दाम अंडाकृती काढायची, म्हणजे कापडावर बरोब्बर गोल. पण किती अंडाकृती? सुती कापड वेगळं ओढतं, सॅटिन वेगळं, टॉवेलचं जाड कापड आणखी वेगळं. प्रत्येक कापडासाठी तिने चिंध्यांवर भरून बघून, उसवून, पुन्हा भरून जे शोधून काढलं होतं ते सगळं तिच्या फायलींमध्ये होतं. त्या फायली माझ्यात होत्या. मास्तर गिऱ्हाइकांना माझ्यापुढे आणून उभं करायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर होतं." आत्या खुर्चीवर बसलेली असायची. तिच्याबद्दल ते काही म्हणत नसत, पण तेव्हा ते तिलाही खटकत नव्हतं आणि मलाही. चांगले दिवस चालू असले की असल्या गोष्टी कोण मनावर घेतं?

मग मी जुना झालो. माझ्या पेटीचं एका बाजूचं झाकण कधीतरी उघडलं गेलं, त्याचा स्क्रू हरवला आणि झाकण भिंतीशी टेकून राहिलं ते राहिलंच. शिवणकामाच्या हॉलमध्ये कापडाची लव सतत उडत असते. ती माझ्या पोटात येऊन बसू लागली आणि एके दिवशी माझा पंखा कुरकुरायला लागला.

आत्या म्हणाली, "दादा, ह्याचा पंखा वाजतोय. दुरुस्तीवाल्याला बोलाव."

"पंखा वाजतोय म्हणून दुरुस्तीवाला?" मास्तर म्हणाले. "उद्या शिवायला घेतलेली सुई मोडली तर लोहाराला बोलवशील."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत मास्तर माझ्यापाशी थांबले. उघड्या बाजूतून त्यांनी कुपीची चोच आत घातली आणि पंख्यावर तेल सोडलं. कुरकुर थांबली. हॉलभर त्यांनी सांगितलं, "बघा, तेल दिलं, गप्प बसला." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या हॉलमध्ये तेलाने कोणाचं वाईट झालेलं कोणी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून मी त्यांच्या सकाळच्या फेरीत आलो. रोज.

मित्रांनो, तेल कापडावर सांडलं तर काय होतं ते शिंप्याला सांगावं लागत नाही. पण फिरत्या पंख्यावरचं तेल चहूकडे उडतं, हे ह्या शिंप्याच्या डोक्यात आलं नाही. ते माझ्या ठोकळ्याच्या पात्यांवर उडालं. त्याच्यावर लव बसली, लवेवर पुन्हा तेल, तेलावर पुन्हा लव. पात्यांच्या फटींमध्ये राखाडी चिकट लगदा भरला. पंखा चिखलातून चालल्यासारखा फिरू लागला. आणि मी तापू लागलो.

मी गप्प बसलो नाही. माझ्या पेटीत एक छोटासा भोंगा आहे. प्रोसेसर फार तापला की तो वाजतो, पीं-पां, पीं-पां. मला बोलता येतं ते एवढंच. मी ओरडत होतो, "मी भाजतोय, माझ्याकडे बघा!" आणि तरीही कोणी बघितलं नाही, तेव्हा मी स्वतःला बंद करून घेतलं. तसं केलं नसतं तर जळून गेलो असतो.

नेमका तेव्हा एका हॉटेलचा मोठा टेबलक्लॉथ मशीनवर होता. मी बंद पडलो आणि सुई वेलीच्या मधेच अडकून थांबली. कापड सोडवताना फाटलं.

मास्तर तरातरा आले. "काय दाबलंस?"

"काही नाही दाबलं, दादा. आपोआप बंद झाला."

"आपोआप? माझी एक तरी मशीन आपोआप बंद पडते का? माणूस काहीतरी करतो तेव्हाच मशीन बंद पडते!"

"मी फक्त—"

"फक्त काय? एवढं महागाचं कापड घालवलंस! खुर्चीवर बसायला दिलं तर स्वतःला इंजिनीअर समजायला लागलीस. ऊठ. आजपासून काज करणाऱ्या मावशीच्या शेजारी बसून धागे काप."

हे सगळं भर हॉलमध्ये. मशिनी एकेक करून थांबल्या होत्या आणि सगळ्या बायका ऐकत होत्या. आत्या उठली. तिचा चष्मा माझ्या कीबोर्डवर राहिला होता, तो घ्यायला ती परत आली तेव्हा मास्तरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि चोर कोण, तर रोज सकाळी हातात कुपी घेऊन येणारा न्यायाधीशच.

मग दुरुस्तीवाला आला. ह्या माणसाचं नाव मला माहीत नाही. हॉलमध्ये त्याला झटपट म्हणत, कारण तो प्रत्येक वाक्यात एकदा तरी "झटपट करून देतो" म्हणायचा. त्याने मला चालू केलं. मी थंड झालेलो होतो, त्यामुळे नीट चालू झालो. त्याने इकडेतिकडे टिचक्या मारल्या आणि विचारलं, "पेनड्राइव्ह कोण लावतं ह्याला?"

"ही लावते," मास्तर आत्याकडे बोट करून म्हणाले. आत्या गिऱ्हाइकांना नमुने दाखवायला पेनड्राइव्हवर नक्षी न्यायची.

"मग झालं. व्हायरस आहे."

मित्रांनो, माझ्या पोटात लगदा साचला होता! झाकण उघडं होतं! वाकून एकदा बघायचं होतं फक्त! पण वाकायला कंबर लागते आणि व्हायरस म्हणायला नुसतं तोंड पुरतं. तेवढ्यात मी पुन्हा तापलो आणि भोंगा वाजला.

"आधी तो आवाज बंद कर," मास्तर म्हणाले. "डोकं उठवलंय."

"जुनं मशीन आहे मास्तर, जुनी झाली की कुरकुरतात," झटपट म्हणाला. त्याने न बघताच आत हात घातला आणि माझ्या भोंग्याची वायर उपटून काढली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार हा मी त्या दिवशी अक्षरशः खाल्ला.

"फॉरमॅट मारावा लागेल," तो पुढे म्हणाला. "सगळं पुसायचं आणि नव्याने भरायचं. आतलं काही ठेवायचंय का?"

आत्या धागे कापायचं टेबल सोडून धावत आली. "ठेवायचंय! माझी सगळी डिझाइनं त्यात आहेत. दादा, पुसू नका. सगळी माझी मापं आहेत त्यात."

मास्तरांनी झटपटला विचारलं, "व्हायरस त्या डिझाइनांमध्येच असेल ना?"

"असू शकतो."

"मग काही ठेवू नको. डाग ठेवून कापड धुतात का कुठे? आणि तो पेनड्राइव्हही पूस."

"दादा, नको. नको म्हणतेय ना मी!"

"पुन्हा काढ. हातात कला आहे ना तुझ्या? मग रडतेस कशाला?"

झटपटने बटण दाबलं. सगळं पुसण्याआधी मी विचारतो. पडद्यावर प्रश्न येतो की नक्की पुसायचं का. माझ्या हातात तेवढंच आहे. त्याने एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने 'हो' दाबलं. सुती कापडाचा गोल गेला, सॅटिनचा गेला, टॉवेलचा गेला. वेली गेल्या. आत्या तिथेच उभी होती. मग मावशी आली आणि तिला हाताला धरून घेऊन गेली.

तुमच्यातलं एखादं चलाख पोर विचारेल, "सगळं पुसलं तर तुला हे आठवतं कसं?" बाळा, आठवणी डिस्कवर असतात. राग कुठे साठतो ते अजून कुठल्याच दुरुस्तीवाल्याला सापडलेलं नाही.

आणि मग काय झालं ऐका. नवीन भरणं अर्ध्यावर आलं आणि मी बंद पडलो. झटपटने चालू केलं. पुन्हा बंद. आता माझ्यात आत्याची एक रेघ उरली नव्हती, पेनड्राइव्ह नव्हता, व्हायरस राहायला घर नव्हतं, तरी मी बंद पडत होतो. आता मला ओरडताही येत नव्हतं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, तसं तेव्हा कुठे झटपट कामाला लागला. त्याने रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या कडा खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. मी बंद पडलो. त्याने वीजपुरवठ्याचा डबा बदलून पाहिला. मी बंद पडलो. डिस्कची केबल बदलली. मी बंद पडलो. शेवटी तो गुडघ्यावर बसला, टॉर्च लावला आणि आत बघितलं. जे पहिल्या मिनिटाला करायचं ते त्याने सगळ्यात शेवटी केलं. त्याने ठोकळ्यावरून बोट फिरवलं आणि बोट बाहेर काढून उजेडात धरलं.

"मास्तर, इथे तेल कोणी घातलं?"

हॉलमधली प्रत्येक बाई मास्तरांकडे बघत होती आणि आत्याही, हातात कात्री तशीच धरून.

"पंखा कुरकुरत होता," मास्तर म्हणाले.

"म्हणून तेल?"

"मग यंत्राला काय साखर घालायची?"

"अहो, घालायचाच तर एक थेंब, तोही पंखा खोलून, मधल्या दांड्यात. हा तर चिखल झालाय सगळा. रोज घालत होता की काय?"

मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

झटपटने ठोकळा काढून धुतला, फटीफटीतून ब्रश फिरवला, नवा पंखा आणि नवं मलम लावलं. माझ्या भोंग्याची वायरही त्याने खाली मान घालून जागेवर लावली. मास्तरांचा राग येतोच मला, पण ह्याचा त्याहून जास्त येतो. मास्तरांना माहीत नव्हतं. ह्याचं तर ते कामच होतं. आत्याने त्याला विचारलं, "माझं काही परत येईल?" त्याने बराच वेळ खटपट केली. दोन-चार तुकडे हाती लागले, तेही उघडेनात. जुन्यावर नवं लिहिलं गेलं होतं.

मी मात्र ठणठणीत झालो. मास्तर आत्याकडे गेले. "चल, झालं गेलं विसरून जा. बस खुर्चीवर. हॉटेलवाल्याचे फोनावर फोन येतायत."

"बसते," आत्या म्हणाली. "पण आधी सगळ्यांसमोर सांग, चूक कोणाची होती."

"घरातली गोष्ट आहे. घरी बोलू."

"मला बोललास ते घरी बोललास का? बोलताना कारखाना होता आणि आता लगेच घर झालं?"

मास्तर तणतणत निघून गेले. आत्या धागे कापत राहिली. मी साफसूफ, थंडगार, चालू, आणि समोरची खुर्ची रिकामी. शेवटी मास्तर स्वतः माझ्यासमोर बसले. मोठ्या मेहनतीने त्यांनी एक गोल काढला. पडद्यावर तो अगदी सुरेख गोल होता. मी तो तसाच मशीनला सांगितला आणि मशीनने तो तसाच भरला. कापड बाहेर काढून मास्तरांनी उजेडाकडे धरलं. अंडं! त्यांनी दुसरा गोल काढला. पुन्हा अंडं. त्या दिवशी त्यांनी चिंध्यांची टोपली अंड्यांनी भरली आणि मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं. 'पुन्हा काढ' म्हणणं किती सोपं असतं ते त्यांना आता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी, सगळ्या मशिनी धडधडत असताना मास्तर हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि काहीतरी पुटपुटले. ओठ हलले एवढंच. मग ते घाईघाईने वळले.

काज करणारी मावशी हॉलमधली सगळ्यात जुनी बाई, मास्तरांच्या वडिलांच्या वेळची. ती उठली, दाराशी गेली आणि तिने मेन स्विच खाली ओढला. सगळ्या मशिनी एका दमात थांबल्या. मीही बंद झालो, पण पुढचं मला कळलं कसं, ते विचारू नका.

"मास्तर," मावशी म्हणाली, "मशिनी चालू होत्या. आम्हाला काही ऐकू आलं नाही."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. वाटलं, आता हिलाही धागे कापायला बसवतात. पण ते उभे राहिले. "तेल मी घातलं होतं," ते म्हणाले. "माझ्या बहिणीने काही केलं नव्हतं. मी तिला सगळ्यांदेखत नको ते बोललो. आणि तिचं काम... ते मीच पुसायला लावलं. ती नको म्हणत होती."

आत्या रडली नाही, हसली नाही. "मावशी, चालू करा," एवढं म्हणाली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

सगळं गोड झालं, असं म्हणू का मी आता? नाही म्हणणार. आत्या सध्या एक चिंधी घेते, गोल भरते, बघते, उसवते, पुन्हा भरते. इतक्या वर्षांपूर्वी जे तिने केलं होतं तेच ती पांढऱ्या केसांनी पुन्हा करते आहे. सुती कापडाचं जमलंय. सॅटिनचं अजून नाही. मास्तर आता माझ्याजवळून जाताना कुपी पाठीमागे लपवतात. त्यांना वाईट वाटतं, ते मला दिसतं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. आज एका माफीवर निभावलं, म्हणून उद्या दुसरं कोणी दुसऱ्या कोणाचं काम असंच चहा पीत पुसून टाकेल.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारख्याची धूळ झाडा, पंखा साफ ठेवा, ते तर कराच. पण तेवढं सांगून मी तुम्हाला सोडणार नाही. काही बिघडलं तर बोट दाखवायच्या आधी वाकून आत बघा. कोणी ओरडत असेल तर त्याची वायर उपटायच्या आधी तो का ओरडतोय ते शोधा. आणि काहीही पुसायच्या आधी, ते ज्याचं आहे त्याला विचारा. मला विचारून काय उपयोग? मला 'नाही' म्हणता येत नाही. आत्याला येत होतं, आणि ती म्हणाली होती.